बालकाचा श्वास : एका निदानाचा इतिहास

राजांच्या लढायांचा, तहांचा आणि सनदांचा इतिहास लिहावयास साधनें विपुल असतात. कारण ज्यांनीं त्या लढाया केल्या त्यांस बोलतां येत होतें, लिहितां येत होतें, निदान पदरीं एखादा लेखक ठेवतां येत होता. परंतु मनुष्यजातींत एक वर्ग असा आहे कीं, मृत्यूचा मोठाच वांटा त्याच्याकडे गेला आणि त्यानें लिहिलेली एकहि ओळ कोणत्याहि दप्तरांत सांपडावयाची नाहीं. तो वर्ग म्हणजे तान्ह्या मुलांचा. इंग्रजींत तान्ह्या मुलास जो शब्द आहे तो मूळ लॅटिन भाषेंतला, आणि त्याचा धात्वर्थच मुळीं ‘न बोलणारा’ असा आहे. मोठ्या मनुष्यास दुखूं लागलें तर कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें, हें तो सांगतो. म्हणजे वैद्याचें निम्में काम रोगीच करतो. तान्हें मूल नुसतें रडतें. आणि दुखणें फुप्फुसाचें असून तें बळावलें म्हणजे रडण्यापुरताहि दम त्याच्या अंगीं राहत नाहीं.

तेव्हां बालकाच्या छातींतला रोग कोणीं ओळखावा, कशावरून ओळखावा आणि किती लवकर ओळखावा, हा प्रश्न वैद्यकापुढें फार जुना आहे. त्याचें उत्तर शोधीत शोधीत पाश्चात्य वैद्यक कोणत्या वाटेनें गेलें, आणि शेवटीं ज्या ठिकाणीं तें येऊन पोंचलें तें आपल्या खेड्यांतल्या आजीबाईच्या ओसरीपासून किती जवळ निघालें, हें थोडक्यांत सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

ओसरीचें नांव घेतलें तें उगीच नव्हे. लहान मुलाच्या ज्या दुखण्यास डॉक्टर न्यूमोनिया म्हणतात, त्याला आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं ‘डबा’ असें नांव आहे. ‘पोराला डबा झाला’, ‘पोराचें पोट उडतें आहे’, हे शब्द ज्यांचें लहानपण खेड्यांत गेलें त्यांच्या कानांवरून गेलेले असतील. यांतील दुसऱ्या शब्दप्रयोगाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. ज्या कोणा बाईनें तो प्रथम वापरला तिला फुप्फुसाची रचना ठाऊक नव्हती, रोगजंतूंचें नांवहि तिनें ऐकलें नव्हतें. पण श्वास लागलेल्या मुलाचें पोट भराभर वरखालीं होतें, हें तिनें डोळ्यांनीं पाहिलें होतें व पाहिलेलें शब्दांत नीट धरून ठेविलें होतें.

आपल्या प्राचीन वैद्यांनींहि न बोलणाऱ्या रोग्याचा हा प्रश्न ओळखला होता. कौमारभृत्य, म्हणजे बालकांचें संगोपन व चिकित्सा, हें आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं एक अंग होय. या विषयावरील काश्यपसंहिता हा ग्रंथ शतकानुशतकें लुप्तप्राय होता. नेपाळांत मिळालेल्या खंडित ताडपत्री पोथीवरून मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें तो १९३८ सालीं छापून काढला. त्यांत वेदनाध्याय नांवाचें एक प्रकरण आहे. बोलतां न येणारें मूल हात कोठें नेतें, मान कशी हलवितें, डोळे कसे मिटतें, यांवरून त्याला कोठली व्यथा आहे हें वैद्यानें ताडावें, असा त्या प्रकरणाचा विषय आहे. रोग्याची वाणी नसेल तेथें त्याची चेष्टा हीच वाणी समजावी, हें तत्त्व त्यांत स्पष्ट दिसतें. परंतु चेष्टा पाहून तर्क करणें निराळें आणि त्या तर्काला माप लावणें निराळें. मापाची गोष्ट पुढें फार उशिरां आली.

युरोपांत छातीच्या रोगांचें निदान प्रथम नेटानें हातीं घेतलें तें कानानें, डोळ्यानें नव्हे. लिओपोल्ड आउएनब्रुगर हा ऑस्ट्रियांतील ग्रात्स गांवच्या एका खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपांत मद्य किती उरलें आहे हें पिंपावर टिचकी मारून बाप पाहत असे, त्यावरून मुलाला रोग्याच्या छातीवर बोटांनीं ठोकून पाहण्याची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. व्हिएन्ना येथील रुग्णालयांत अनेक वर्षें अनुभव घेऊन त्यानें १७६१ सालीं आपला शोध लहानशा लॅटिन पुस्तकांत मांडला. निरोगी छाती पोकळ वाजते, आणि जेथें फुप्फुस द्रवानें भरून घट्ट झालें असेल तेथें ठोका बद्द येतो, हें त्याचें सार होतें. त्याच्या समकालीनांनीं या पुस्तकाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिसार यानें १८०८ सालीं त्याचें फ्रेंच भाषांतर केलें, तेव्हां कोठें ही पद्धति रूढ झाली. आणि दुसऱ्याच वर्षीं आउएनब्रुगर मरण पावला.

याच कॉर्व्हिसारचा शिष्य लेनेक. १८१६ सालीं पॅरिसच्या नेकर रुग्णालयांत एका तरुण स्त्रीचें हृदय तपासण्याचा प्रसंग त्याला आला. स्त्रीच्या छातीला कान लावणें प्रशस्त नव्हे, म्हणून त्यानें कागदांची सुरळी केली, तिचें एक टोंक रोगिणीच्या छातीवर व दुसरें आपल्या कानाशीं धरलें. आणि हृदयाचे ठोके नुसत्या कानापेक्षां अधिक स्वच्छ ऐकूं आले. सुरळीची पुढें लांकडी नळी झाली, आणि नळीचा स्टेथॉस्कोप झाला. १८१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत फुप्फुसांतील निरनिराळ्या आवाजांचें आणि मरणोत्तर तपासणींत दिसून आलेल्या विकृतींचें नातें त्यानें इतक्या बारकाईनें जुळवून दिलें कीं, छातीचे रोग ओळखण्याचें शास्त्र तेथून नव्यानें सुरू झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं. खुद्द लेनेक मात्र १८२६ सालीं वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं क्षयानें वारला.

नेकर रुग्णालयाला लागूनच पॅरिसचें बालरुग्णालय होतें. तें १८०२ सालीं निघालें, आणि केवळ मुलांसाठीं काढलेलें अशा तऱ्हेचें तें जगांतलें पहिलेंच मोठें रुग्णालय मानलें जातें. नवें साधन शेजारच्या भिंतीपलीकडे जाण्यास कितीसा वेळ लागणार? तें गेलेंहि. पण तेथें त्याला निराळीच अडचण आली. मोठा मनुष्य ‘श्वास घ्या, रोखून धरा’ असें म्हटलें म्हणजे ऐकतो. तान्हें मूल अनोळखी मनुष्याचा थंड हात लागतांच किंचाळूं लागतें, आणि त्या आक्रोशांत फुप्फुसांतील सूक्ष्म आवाज बुडून जातात. शिवाय मुलाची छाती लहान व पातळ. एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला ऐकूं येतो. म्हणून बालरोगांचा अभ्यास करणाऱ्यांस कान थोडा बाजूला ठेवून पुन्हां डोळा उघडावा लागला. पॅरिसच्या अनाथ अर्भकालयांत काम करणारा बिलार नांवाचा तरुण वैद्य होता. त्यानें १८२८ सालीं नवजात अर्भकांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यांत मुलाच्या रडण्याचाहि एक लक्षण म्हणून विचार केला आहे. तोहि लेनेकप्रमाणेंच क्षयानें, वयाच्या बत्तिशीच्या आंतच गेला. इंग्लंडांत चार्ल्स वेस्ट यानें १८४८ सालीं बालरोगांवरील आपलीं व्याख्यानें प्रसिद्ध केलीं व १८५२ सालीं अवघ्या दहा खाटांवर लंडनचें बालरुग्णालय उघडलें. मूल स्वस्थ असतां दुरूनच त्याचें निरीक्षण करावें, हात मागाहून लावावा, अशी शिकवण या परंपरेनें दिली.

येथें एक शंका कोणीहि घेईल. श्वास मोजण्याची युक्ति इतकी साधी, तर ती त्याच वेळीं सर्वत्र कां पसरली नाहीं? घड्याळ तर होतें. सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्यानें, जो स्वतः दम्यानें पीडित होता, १७०७ सालींच नाडी मोजण्यासाठीं मिनिटाचें घड्याळ वापरण्याचा पुरस्कार केला होता. या शंकेचें उत्तर माझ्या मतें असें कीं, निदानाची किंमत उपायावर अवलंबून असते. रोग चार दिवस आधीं ओळखला काय किंवा चार तास आधीं ओळखला काय, हातांत औषधच नसेल तर त्यानें काय साधणार? एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय वैद्य न्यूमोनियाच्या रोग्याचें रक्त काढीत, जळवा लावीत, मोहरीचे लेप देत. आपल्याकडे डबा झालेल्या मुलाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे डाग देत. यांपैकीं एकाला शास्त्र व दुसऱ्याला अडाणीपणा म्हणावयाचें असेल तर म्हणावें. मुलाच्या दृष्टीनें दोहोंत फारसा भेद नव्हता. दुःखाची गोष्ट ही कीं, युरोपांतील जळवा गेल्या, पण डागण्या देण्याची चाल आपल्या कांहीं दुर्गम भागांतून अद्यापहि समूळ गेलेली नाहीं.

रोगाचें कारण १८८१ पासून कळूं लागलें. त्या वर्षीं फ्रान्सांत पाश्चर व अमेरिकेंत स्टर्नबर्ग यांनीं, एकमेकांस न कळत, न्यूमोनियाच्या मुख्य जंतूचें वर्णन केलें. १८९५ सालीं राँटगेनला क्ष-किरण सांपडले आणि छातीच्या आंतील छाया कांचेवर उतरूं लागली. पण पारडें खरें फिरलें तें १९३८ सालीं, इंग्लंडांतील मे अँड बेकर कंपनीचें सल्फापिरिडीन हें औषध निघालें तेव्हां. मागोमाग पेनिसिलिन आलें. ज्या रोगापुढें वैद्य हात जोडून उभा राहत असे, तो आतां थोडक्या दिवसांच्या औषधानें बरा होऊं लागला. मात्र औषध वेळेवर पोटांत गेलें पाहिजे. तान्ह्या मुलाचा न्यूमोनिया दोनतीन दिवसांत, कधीं कधीं त्याहूनहि लवकर, प्राणावर बेततो. लवकर निदान या दोन शब्दांस खरा अर्थ आला तो येथें.

आणि येथेंच इतिहासाला एक विचित्र वळण लागलें. औषध स्वस्त झालें, पण तें कोणाला द्यावयाचें हें सांगणारा कान महाग राहिला. स्टेथॉस्कोप लावून सूक्ष्म आवाज ओळखण्यास वर्षानुवर्षांचें शिक्षण लागतें. क्ष-किरणांस यंत्र व वीज लागते. हीं दोन्ही शहरांत. मुंबईस परळ येथें वाडिया बालरुग्णालय १९२९ सालीं उघडलें. पण ज्या खेड्यांतून पावसाळ्यांत नदी उतरून जातां येत नाहीं, तेथल्या मुलाला परळचा काय उपयोग? तें मूल मरत होतें तें औषधाच्या अभावीं नव्हे, ओळखणाऱ्याच्या अभावीं.

ही कोंडी फुटूं लागली ती युरोपच्या राजधान्यांत नव्हे. डेव्हिड मॉर्ले हा इंग्रज बालरोगतज्ज्ञ १९५६ नंतर कांहीं वर्षें नायजेरियांत काम करीत होता. तेथें मुलें शेंकड्यांनीं येत व तपासणाऱ्या बहुधा परिचारिका असत. स्वस्थ असलेल्या मुलाचा श्वास मिनिटास पन्नासांहून अधिक चालत असेल तर न्यूमोनिया समजावा, असा सोपा नियम त्यानें सुचविला. पुढें पापुआ न्यू गिनी या बेटांतील गोरोका येथें फ्रँक शॅन व त्याचे सहकारी यांनीं ही कल्पना कसोटीस लावली व १९८४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांतील अभ्यासानें १९८८ सालीं असें दाखविलें कीं, एकच आंकडा सर्व वयांस लावणें बरोबर नाहीं; मूल जसें मोठें होतें तसा त्याचा स्वाभाविक श्वास मंद होतो, म्हणून मर्यादाहि उतरती पाहिजे. यांतून जो नियम ठरला तो आजहि चालू आहे. दोन महिन्यांच्या आंतील अर्भकास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षाच्या आंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलास ४० किंवा अधिक श्वास हे जलद समजावे.

यामागची उपपत्ति अवघड नाहीं. रोगग्रस्त फुप्फुसांत वायूच्या जागीं द्रव भरतो व तें ताठर होतें. ताठर भाता खोल ओढणें कष्टाचें. म्हणून मूल उथळ पण भराभर श्वास घेऊं लागतें. रोग आणखी वाढला म्हणजे भराभर घेऊनहि पुरत नाहीं. मग छातीचे स्नायु जोर करतात आणि बालकाच्या बरगड्या कोंवळ्या असल्यामुळें श्वास घेतांना छातीचा खालचा भाग फुगण्याऐवजीं उलट आंत ओढला जातो. पहिलें लक्षण सावध करणारें, दुसरें धोक्याचें. दोन्ही पाहण्यास लागतात ते दोन डोळे व एक मिनिट.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. गडचिरोली हा जिल्हा १९८२ सालीं चंद्रपुरांतून वेगळा झाला. बहुतेक अरण्यमय, गोंड-माडियांची वस्ती असलेला. डॉक्टर अभय व राणी बंग हें दांपत्य अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन आलें आणि १९८६ पासून या जिल्ह्यांत राहून काम करूं लागलें. बालमृत्यूंचीं कारणें तपासतां न्यूमोनिया हें प्रमुख कारण आढळलें. मग त्यांनीं जो प्रयोग केला तो महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांत नोंदविण्यासारखा आहे. ५८ गांवांत न्यूमोनियाविषयीं लोकांस समजावून सांगण्यांत आलें, आणि गांवांतील आरोग्यसेवक व सुइणी यांस श्वास मोजून रोग ओळखण्यास व तोंडानें घ्यावयाचें जंतुनाशक औषध देण्यास शिकविण्यांत आलें; ४४ गांवें तुलनेसाठीं ठेविलीं. निष्कर्ष १९९० सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ या सुप्रसिद्ध वैद्यकीय पत्रांत छापून आले. प्रयोगाच्या गांवांत ६१२ आजारांवर उपचार झाले, त्यांत शेंकडा एकाहूनहि कमी, म्हणजे ०.८ मुलें दगावलीं. तुलनेच्या गांवांत हेंच प्रमाण शेंकडा १३.५ होतें. पांच वर्षांखालील हजार मुलांमागें न्यूमोनियाचे मृत्यु एकीकडे ८.१, तर दुसरीकडे १७.५. म्हणजे मरण निम्म्याहून खालीं आलें. आणि तें आणणारांत अक्षरशत्रु म्हणून जिची आपण कींव करतों ती सुईण होती.

या सुइणींची एक अडचण मात्र खरी होती. साठापर्यंत अंक मोजणें त्यांपैकीं पुष्कळींस जमत नसे. त्यावर जो तोडगा काढला तो पाटीवर मणी सरकवून उजळणी शिकलेल्यांच्या लगेच ध्यानांत येईल. एक मिनिट चालणारें वाळूचें घड्याळ, आणि त्यासोबत मण्यांची ओळ. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं ठराविक मणी सरकला तर रोग आहे असें समजावयाचें. दहापर्यंत मोजतां आलें म्हणजे झालें.

अर्धशिक्षितांच्या हातीं जालीम औषध देऊं नये, हा आक्षेप अशा योजनांवर घेण्यांत येतो, आणि तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. पण आक्षेपकांनीं तुलना कोणाशीं करावयाची तें आधीं ठरविलें पाहिजे. सुइणीची तुलना नामांकित बालरोगतज्ज्ञाशीं केली तर ती उणी ठरेल यांत नवल नाहीं. परंतु त्या गांवांत तिच्या जागीं तज्ज्ञ नव्हता, कोणीच नव्हतें, किंवा तापलेलें लोखंड होतें. तेरा आणि एक यांतलें अंतर त्या ‘कोणीच नसण्याचें’ अंतर आहे.

याचा अर्थ श्वासाची मोजणी हें सर्वज्ञ शास्त्र आहे असा नव्हे. ताप चढला कीं श्वास वाढतो, दम्यांतहि वाढतो, विषाणूंच्या साध्या पडशांतहि कधीं वाढतो. तेव्हां जलद श्वास असलेल्या प्रत्येक मुलास जंतुनाशकाची गरज असतेच असें नाहीं, आणि हीं औषधें विनाकारण देत गेल्यास तीं निष्प्रभ होतात. रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण बोटावर चिमटा लावून दाखविणारें यंत्र आतां खेड्यापर्यंत पोंचूं लागलें आहे, त्यानें निदानास चांगली जोड मिळते. रोग होऊंच नये म्हणून लसीहि आल्या : हिब जंतूवरील लस भारतांत २०११ पासून टप्प्याटप्प्यानें, आणि न्यूमोनियाच्या मुख्य जंतूवरील लस २०१७ पासून कांहीं राज्यांत व २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणांत मिळूं लागली. इतकें असूनहि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०१९ या एका वर्षांत पांच वर्षांखालील सुमारें ७ लक्ष ४० हजार मुलें न्यूमोनियानें मेलीं. म्हणजे हा इतिहास अजून संपलेला नाहीं.

या इतिहासापासून घेण्याजोगा बोध आमच्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांसहि आहे. आपण असें धरून चालतों कीं, ज्ञान हें वरून खालीं, तज्ज्ञाकडून अडाण्याकडे, शहराकडून खेड्याकडे वाहतें. येथें तसें घडलें नाहीं. पोट उडतें हें खेड्यांतल्या बाईनें पाहिलें होतें. शास्त्रानें तिच्या पाहण्याला अंक दिला, घड्याळ दिलें आणि औषध दिलें. नुसतें तिचें पाहणें पुरेसें नव्हतें, कारण तिच्या हातीं डागण्यावांचून उपाय नव्हता. नुसतें शास्त्रहि पुरेसें नव्हतें, कारण तें मुलाच्या अंथरुणापर्यंत पोंचत नव्हतें. दोहोंची गांठ पडली तेव्हां मूल वांचलें.

आणि जीं घरें डॉक्टरपासून दहा मिनिटांवर आहेत त्यांतहि, रात्रीं दोन वाजतां खोकणाऱ्या मुलाजवळ डॉक्टर नसतो. आई असते, आजी असते, बाप असतो. तेव्हां त्यांनीं एवढें शिकून ठेवावें. मूल शांत असतां, रडत किंवा पीत नसतां, त्याच्या अंगावरचें वस्त्र वर करावें आणि पोटाच्या वरखालीं होण्याकडे पाहत घड्याळाचें पुरें एक मिनिट श्वास मोजावे. अगदीं लहान अर्भकाचा श्वास अनियमित असतो, म्हणून त्याचा आंकडा अधिक आल्यास पुन्हां एकदां मोजावा. वर सांगितलेली मर्यादा ओलांडली असेल तर त्याच दिवशीं डॉक्टरकडे न्यावें. अर्भक दोन महिन्यांच्या आंतलें असेल, छाती आंत ओढली जात असेल, ओंठ निळे पडले असतील, किंवा मूल पीत नसेल, गुंगींत असेल, त्याला झटके येत असतील, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. घरगुती लेप, डाग व शिल्लक राहिलेलें जुनें औषध यांपैकीं कांहीं करूं नये. ज्या रोग्याला बोलतां येत नाहीं त्याच्यासाठीं घरच्या माणसांनीं खर्चावयाचें तें इतकेंच एक मिनिट आहे.